सिनेमापुरती गुंडाळी

"काका, हे कातडं पेट घ्यायला किती वेळ लागतो हो?"

खिळेमास्तरांनी हा प्रश्न सकाळी पावणेअकराला, चहाचा घोट घेता घेता विचारला. इतक्या सहज विचारला की कारभाऱ्यांनी आधी उत्तराचाच विचार केला. बकऱ्याचं कातडं पेटत नाही, आक्रसतं आणि वास मारतं, हे ते सांगणारही होते. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"कुठलं कातडं?"

"आपलंच की. तुम्ही लिहिलंय ते. चार वाजता जाळायचंय ना. मी कडेचा तुकडा कापून पेटवून बघितला, नुसता गोळा होतो. म्हटलं रॉकेल पाजावं, का तुमच्यात दुसरं काही वापरतात?"

खिळेमास्तर हे सिनेमा कंपनीचे सामानवाले. नट ज्या ज्या वस्तूला हात लावतो ती त्यांनी आणलेली किंवा ठोकून बनवलेली असते. तोंडात सदैव दोन-तीन खिळे, म्हणून खिळेमास्तर. माणूस सज्जन. चहासुद्धा ते खिळे गालात सारून पीत, आणि त्यांच्या बायकोखेरीज कुणाला त्याची काळजी वाटत नसे.

कारभारी म्हणजे, ज्या सिनेगॉगच्या मागच्या अंगणात हा चहा चालला होता, त्या सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराचे, कारभारी. वय त्र्याहत्तर. कुलूप काढणं, दिवे लावणं, छत गळेल तिथे बादली सरकवणं आणि दर शनिवारी पुरुष मोजणं ही त्यांची कामं. ज्यू लोकांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. वस्तीत उरले होते सात, त्यातले दोन अंथरुणाला खिळलेले. त्यामुळे मोजण्यात फारसा वेळ जात नसे. सिनेमावाले आले त्या दिवशी दाढ्या चिकटवलेले बारा नट बाकांवर ओळीने बसले. सहा वर्षांत प्रथमच तिथे दहाच्या वर पुरुष जमले होते, आणि एकही उपयोगाचा नव्हता.

कंपनीने कारभाऱ्यांना सल्लागार नेमलं होतं. हे म्हणजे उंदरालाच सापळ्याची डागडुजी सांगण्यापैकी होतं, कारण कारभाऱ्यांचं आणि सिनेमाचं जुनं वाकडं. पडद्यावर ज्यू आला की तो म्हातारा असणार, दाढी बेंबीपर्यंत असणार, आणि तो दारातून आत यायच्या आधी त्याचं व्हायोलिन आत येणार. तो एक तर महाकंजूष नाहीतर महाज्ञानी. दाढदुखीने बेजार झालेला, बसची वाट बघणारा, बायकोशी पंख्याच्या वेगावरून भांडणारा ज्यू कारभाऱ्यांनी पडद्यावर कधी पाहिला नव्हता. स्वतः ते आयुष्यभर यापेक्षा वेगळं काही करत आले नव्हते. एकदा तर पडद्यावरच्या रब्बीने, ज्यू धर्मगुरूने, तोराची गुंडाळी, म्हणजे त्यांचा कातड्यावर हाताने लिहिलेला धर्मग्रंथ, चक्क वरची बाजू खाली करून धरली. कारभारी अंधारात उभे राहिले आणि "उलटी आहे, उलटी आहे" असं सांगू लागले. मागच्या रांगेतल्या एका कनवाळू बाईने त्यांना पिशवी दिली.

असा माणूस सल्लागार झाला. त्याने एक्केचाळीस चुकांची यादी दिली. कंपनीने ती फार आदराने घेतली आणि चाळीस चुका जशाच्या तशा ठेवल्या. एक मात्र सुधारली. ती न सुधारती तर बरं झालं असतं.

ती चूक अशी. खिळेमास्तरांनी बनवलेली गुंडाळी दिसायला झकास होती, पण तिच्यावरची अक्षरं कुठल्याच भाषेतली नव्हती. ओळीने मुंग्या काढल्यासारखी दिसत. कारभारी गेले थेट दिग्दर्शकबाईंकडे.

"बाई, हे खोटं आहे. ज्याला वाचता येतं तो हसेल."

"वाचता येणारे किती आहेत इथे?"

"सात."

बाई हसल्या नाहीत. चाळिशीच्या, बारीक, सतत घशाची गोळी चघळणाऱ्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही द्याल लिहून?"

इथे कारभाऱ्यांनी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांचे वडील याच गुंडाळ्या लिहायचे. पिसाची लेखणी, काजळीची शाई, एकेका गुंडाळीला दीड वर्ष. मजकुरात ईश्वराचं चार अक्षरी नाव आलं की वडील थांबत, हात धुऊन येत, 'या नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो' असं म्हणत आणि मगच लेखणी टेकवत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी मुलाला एक रकाना लिहायला बसवलं. अकराव्या ओळीत, नेमका त्या नावावर, मुलाच्या हातून शाईचा थेंब पडला. वडील रागावले नाहीत. त्यांनी कातडं नीट गुंडाळलं, दफनभूमीत नेऊन पुरलं, कारण ते नाव आलेली वस्तू टाकत नाहीत की जाळत नाहीत, माणसासारखी पुरतात. घरी येऊन म्हणाले, "जेवून घे." पुन्हा विषय काढला नाही. मुलाने चोपन्न वर्षं लेखणीला हात लावला नाही.

आणि आता कुणी तरी म्हणत होतं, द्याल का लिहून, सिनेमापुरतं.

खिळेमास्तरांनी मुंग्या खरवडून कातडं कोरं करून दिलं. कारभारी सात आठवडे बसले. तीन रकाने झाले. नाव आलं की ते थांबायचे. एकही थेंब पडला नाही. तिसरा रकाना संपला त्या दिवशी ते घरी गेले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःलाच "जेवून घे" म्हणाले.

हे कातडं आज चार वाजता जळणार होतं. कारभाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, कारण कंपनीत गोष्ट ज्याला त्याला त्याच्यापुरतीच सांगत. खिळेमास्तरांना आग माहीत होती, पण नावाचं काही माहीत नव्हतं. कारभाऱ्यांचं बरोबर उलट होतं.

"रॉकेल नका घालू," कारभारी म्हणाले.

"सकाळीच घातलं," खिळेमास्तर म्हणाले. "मुरायला वेळ लागतो."

*

रब्बी दोन तासांच्या अंतरावर राहायचा आणि महिन्यातून एकदा यायचा. वय चौतीस. कारभाऱ्यांनी त्याला फोन लावला तो सिनेगॉगच्या जिन्याखालून. तिथे त्यांची लेक शिवणाचं मशीन मांडून बसली होती. ती शिंपीण. नटांचे झगे आत घ्यायचं आणि बाहेर सोडायचं काम कंपनीने तिला दिलं होतं. दातांत टाचण्या धरून ती सगळं ऐकत होती.

रब्बीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कारभारीकाका, लिहिताना तुमच्या मनात काय होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. पवित्र म्हणून लिहिलं असेल तर ते पवित्र. सिनेमाचं काम म्हणून लिहिलं असेल, तर नुसती शाई. मग जाळोत नाहीतर त्यात भाजी बांधोत. मला इथून तुमचं मन दिसत नाही. तुम्हीच सांगायचं."

लेकीने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि आवाज न करता, ओठ मोठे करून सांगितलं, सिनेमा. सिनेमा म्हणा.

एवढंच होतं. एक शब्द. नंतर घरी जाऊन पाय धुवायचे आणि आडवं व्हायचं. कारभाऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"प्रत्येक वेळी थांबलो," ते म्हणाले. "हात धुतले. वडील म्हणायचे ते म्हटलं. मोठ्याने नाही. पण म्हटलं."

"किती वेळा?"

"एकोणीस नावं आहेत."

पलीकडे रब्बीने श्वास सोडला. "मग जाळता नाही येणार. त्यांना नावं तेवढी कापून काढू द्यायला सांगा. कापलेली मला आणून द्या, आपण पुरू. बाकीचं मग नुसतं कातडं." थोडं थांबून तो म्हणाला, "माझं काम कोण करतंय सिनेमात?"

"आहे एक. बेंबीपर्यंत दाढी."

"वाटलंच," रब्बी म्हणाला. त्याला दाढी धड येत नसे आणि त्याची आईसुद्धा त्यावरून बोलायची.

फोन ठेवल्यावर लेक म्हणाली, "बाबा, कुणी तुमच्या मनात डोकवायला येणार होतं का?"

"नाही."

"मग?"

"म्हणून तर."

"धन्य आहे," लेक म्हणाली आणि टाचण्या पुन्हा दातांत धरल्या. पण कारभारी जिना चढू लागले तेव्हा तिने मशीन थांबवलं आणि त्यांच्या मागोमाग जाऊन त्यांची सदऱ्याची कॉलर नीट केली. बाईंसमोर जायचं तर चुरगळलेलं नको.

*

दिग्दर्शकबाईंनी कचेरी थाटली होती ती पाठ फाटलेल्या प्रार्थनापुस्तकांच्या खोलीत. टेबलावर एक लेन्स होती, दुधाच्या भांड्याएवढी. कारभाऱ्यांनी एकोणीस चौकोनी खिडक्या कापायची परवानगी मागितली. नखाएवढ्या, ते म्हणाले, फार तर अंगठ्याच्या नखाएवढ्या.

बाईंनी लेन्स उचलून त्यांच्यापुढे ठेवली.

"ही मी परगावाहून मागवली. तुमच्यामुळे. मुंग्या होत्या तोवर लांबून घेणार होते. तुम्ही खरी अक्षरं लिहिलीत, तेव्हा ठरवलं, जळणारं एकेक अक्षर पडदाभर दाखवायचं. त्यात तुम्ही भोकं पाडणार?"

"मग जाळू नका."

"काका, गोष्टच ती आहे. सिनेगॉग पेटवतात, म्हातारा गुंडाळी वाचवायला जातो आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती जळते. या प्रसंगासाठी मी नऊ वर्षं थांबलेय. आग विझवणाऱ्यांची परवानगी आजची आहे. नट उद्या जातोय. ऊन त्या भिंतीवरून चारला खाली येतं आणि वीस मिनिटांत जातं."

"दुसरी लिहून देतो. नाव मुद्दाम चुकवून."

बाईंनी खिळेमास्तरांना हाक मारली. कोरं कातडं एकच होतं, ढोलवाल्याकडून आणलेलं, ओलं. ते वाळल्याशिवाय शाई धरणार नव्हतं, आणि वाळायला दोन दिवस. खिळेमास्तरांनी हे इतक्या अपराधी चेहऱ्याने सांगितलं की जणू बकऱ्याची चूक त्यांचीच होती.

ते गेल्यावर बाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"तुम्हाला वाटत असेल ही बाई कोण आमच्या दुःखाचा तमाशा करणारी."

"असं वाटणं माझ्या यादीत बेचाळिसावं होतं. लिहिलं नाही."

"माझी आजी ज्यू होती," बाई म्हणाल्या. "मला तिशी उलटल्यावर कळलं, ती गेल्यानंतर. घरात कधी कुणी बोललं नाही. मग मी काय करणार? मिळतील तेवढे सिनेमे बघितले. मेणबत्त्या कशा लावतात, रडतात कसे, सगळं पडद्यावरूनच शिकले. व्हायोलिनसकट. मला माहितीये ते खोटं आहे. पण माझ्याकडे तेवढंच होतं."

 कारभाऱ्यांनी सल्लागाराच्या सवयीने विचारलं, "वडिलांची आई, की आईची आई?"

"आईची आई."

"तिचं लग्न, नाव बदलणं, दुसऱ्या देवाला जाणं..."

"सगळं झालं. का?"

"त्याने काही होत नाही. आईची आई ज्यू, म्हणजे आई ज्यू, म्हणजे तू ज्यू. यात दाढी-बिढीचा काही संबंध नाही." ते एकदम एकेरीवर आले आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बाई उठून उभ्या राहिल्या, मग बसल्या. नऊ वर्षं त्या ज्या वाक्याच्या शोधात होत्या ते त्यांना, मोडक्या खुर्चीवर बसून, एका सदरा घातलेल्या म्हाताऱ्याने, रेशनकार्डावर नाव आहे असं सांगावं तसं सांगून टाकलं होतं. त्यांनी डोळे पुसले. हसल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, कारण त्या हुशार होत्या.

"म्हणजे मी ते जाळलं तर..."

"दुसऱ्या कुणी जाळलं असतं तर त्याला काय माहीत. तुला आता माहितीये."

"काका, तुम्हाला हे सांगायला आजचाच दिवस मिळाला?"

"तू आजच सांगितलंस."

बाईंनी लेन्स आपल्याकडे ओढून घेतली. त्या म्हणाल्या, "मला नाही थांबवता येणार. साठ माणसं आहेत अंगणात. मी आज थांबले तर हा सिनेमा होत नाही. मग आजी पुन्हा कुठेच नाही."

"पोरी, असं करू नकोस."

"करणार," त्या म्हणाल्या. 

*

तीनला कारभारी सामानाच्या खोलीत गेले ते चोरी करायला. हे ते स्वतःशी मान्य करत नव्हते. नुसतं बघून येतो, असं लेकीला सांगितलं. खोलीत खिळेमास्तर पेटीवर बसलेले होते, आणि पेटीत गुंडाळी होती.

"उठता का जरा?"

"उठलो असतो, काका. पण तुमचा चेहरा बघून नाही उठत. माझी नोकरी आहे." आणि तरीही ते थोडे सरकले आणि पेटीचं झाकण उघडलं, बघू दिलं.

रॉकेलच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. कातडं तेल पिऊन गडद झालं होतं, काहीसं पारदर्शक, आणि अक्षरं पूर्वीपेक्षा जास्त काळी दिसत होती. एकही फुटलं नव्हतं. वडिलांच्या रकान्यांच्या शेजारी ठेवले असते तर... कारभाऱ्यांनी तो विचार तिथेच सोडला. त्यांनी हात पुढे केला आणि बोट पहिल्या ओळीच्या वर, हवेत, न टेकवता फिरवलं. अक्षरांना बोट लावत नाहीत.

पळून जावं तर गुडघे. आरडाओरडा करावा तर बाहेर साठ माणसं आणि बारा दाढ्या. आगीत उडी घ्यावी तर ते काम एका पगारी नटाला दिलेलं होतं, आणि तो त्याची तालीम करत होता.

तेवढ्यात दिग्दर्शकबाई आत आल्या. चेहरा पांढराफटक. त्यांच्या मागे शिंपीण लेक, झगा हातावर टाकून.

"मी ते करणार आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला आधी सांगितलंच. पण एकदा मला खरं सांगा. तुमच्या रब्बीला मी फोन केला. तो म्हणाला, तुम्ही पवित्र म्हणूनच लिहिल्याचं त्याला सांगितलंत, आणि सगळं लिहिणाऱ्याच्या मनावर आहे. ते नाव तुम्ही खरंच मनापासून लिहिलंत? की नुसतं काम?"

खिळेमास्तरांनी गालातले खिळे हातात काढले.

कारभाऱ्यांनी बाईंकडे बघितलं. ज्यू होऊन तिला दोन तास झाले होते. अजून तिला शनिवारचे दिवे केव्हा लावतात हेही नीट माहीत नव्हतं, आणि जे हजार वर्षांत शत्रूंखेरीज कुणी केलं नाही ते ती सगळं समजून-उमजून करायला निघाली होती. थांबणार नव्हती ती. थांबली असती तर प्रश्नच नव्हता. आता प्रश्न एवढाच उरला होता की हे ओझं कुणाच्या डोक्यावर जाणार. तिच्या, की ज्याला एकोणिसाव्या वर्षीच न बोलता सांगितलं गेलं होतं की हे तुझं काम नाही, त्याच्या.

"नाही," कारभारी म्हणाले.

"काय नाही?"

"मनापासून नाही. उगाच मोठेपणा घेतला. आमचे वडील लिहायचे ना, म्हटलं आपणही सांगावं. हात चालला तसं लिहिलं. रेडिओ लावून लिहायचो. क्रिकेट ऐकत."

लेकीने मान खाली घातली. घरातला रेडिओ चार वर्षं बिघडलेला होता.

"मग रब्बीला तसं का सांगितलंत?"

"त्याच्यासमोर कसं सांगणार? वयाने लहान आहे तो."

हे इतकं पटण्याजोगं होतं की बाईंनी डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. त्यांनी कारभाऱ्यांचा हात धरला, दाबला, आणि अंगणात पळाल्या. त्यांना विश्वास ठेवायचा होता. माणूस अशा वेळी फार पुरावा मागत नाही.

"बाबा," लेक म्हणाली.

"गप्प बस. झगा दे जाऊन, तो नट नुसत्या गंजीफ्रॉकवर उभा आहे."

*

चारला ऊन भिंतीवरून खाली उतरलं, बाईंनी सांगितलं होतं तसंच.

कारभाऱ्यांनी सगळं ठरवलं होतं. त्यांच्यात एक जुना नियम आहे. धर्मग्रंथ जुलमाने जळताना जो बघेल, त्याने अंगावरचं कापड फाडायचं, जसं आईबाप गेल्यावर फाडतात. आणि ते फाटलेलं पुन्हा कधी धड सांधायचं नाही. आता कारभाऱ्यांनी सदरा फाडला असता तर बाईंना लगेच कळलं असतं, रेडिओ वगैरे सगळं खोटं. पण नियम बघणाऱ्याला आहे. जो बघत नाही त्याने फाडायचं नाही. म्हणून ते आगीकडे पाठ करून, अंगणाच्या टोकाला, तारांच्या जंजाळात उभे राहिले. नाकाला रुमाल लावला. नियमात वासाबद्दल काही नव्हतं.

मागे शांतता झाली. कुणी तरी आकडे म्हटले. मग एकदम भपकन आवाज आला आणि पाठीला ऊब लागली. नट किंचाळला, बरं किंचाळला.

कारभाऱ्यांनी वर बघितलं, नुसतं कुठे तरी बघायचं म्हणून. त्यांच्यासमोर, दोन हातांवर, तिवईवर एक टीव्हीसारखा पडदा ठेवलेला होता. कॅमेऱ्याला जे दिसतं ते दिग्दर्शकाला बघता यावं म्हणून असतो तसला. त्यावर, तव्याएवढं मोठं, त्यांचं स्वतःचं अक्षर होतं.

दुसरा रकाना, सातवी ओळ. लेन्स उत्तम होती. लेखणी कुठे टेकली, कुठे वळली, शाई कुठे जरा जाड झाली, सगळं दिसत होतं. चार अक्षरं पडदाभर उभी राहिली. मग कडेने तपकिरी रेघ आली, कातडं आतल्या बाजूला वळलं, आणि पहिलं अक्षर वर उचलल्यासारखं झालं आणि गेलं. मग दुसरं.

आयुष्यभर कारभारी सांगत आले होते की पडद्यावरचं खरं नसतं. पडद्यावर बघितलेलं म्हणजे बघितलेलं का, हा प्रश्न रब्बीला विचारायला हवा होता. पण हात रब्बीची वाट बघत थांबला नाही. तो गळ्याशी गेला, सदऱ्याच्या काठाला धरून त्याने ओढलं. जुनं सुती कापड. आवाज झाला.

बाई पडद्याच्या बाजूला, खुर्चीवर होत्या. त्यांनी आवाज ऐकला आणि मान वळवली.

कारभाऱ्यांनी फाटलेल्यावर तळवा ठेवला. "काही नाही. खिळ्यात अडकला."

"माझे सगळे खिळे तोंडात आहेत," शेजारी उभे असलेले खिळेमास्तर म्हणाले. ते मदत करायलाच बोलले होते, पण त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

"थांबा," बाईंनी सगळ्या अंगणाला सांगितलं. माणसं बादल्या घेऊन आगीवर धावली. फस्स झालं आणि धूर आला. बाई उठून कारभाऱ्यांसमोर आल्या.

"हे कशासाठी?"

 कारभाऱ्यांचा तळवा छातीवरच होता. लेक गर्दीतून आली, तिने बापाचा तळवा बाजूला केला आणि फाटलेलं बघितलं, शिंपिणीच्या नजरेने.

"एकच झालं, बाबा," ती म्हणाली. "दोन लागतात."

"अगं, नको तिच्यासमोर."

"एक कातड्यासाठी. एक अक्षरांसाठी." हे ती बाईंना सांगत होती. "ग्रंथ जळताना पाहिला की फाडतात. खरा ग्रंथ. मुंग्या जळताना कोणी फाडत नाही."

बाईंच्या ओठांवर घशाची गोळी तशीच राहिली. "तुम्ही म्हणालात रेडिओ..."

"रेडिओ बंद आहे," लेक म्हणाली.

कारभारी म्हणाले, "पोरी, तुला माहीत नव्हतं. मी खोटं सांगितलं म्हणून तू केलंस. ते तुझ्याकडे नाही, माझ्याकडे आहे. तसं ठरवूनच मी..." आणि मग ते थांबले, कारण आता तिला माहीत झालं होतं आणि ठरवलेलं सगळं वाया गेलं होतं. आणखी पाच मिनिटं डोळे मिटून उभं राहता आलं असतं तर झालं होतं. तेवढंही जमलं नाही.

बाईंच्या मदतनीसाने लांबून विचारलं की ऊन अजून नऊ मिनिटं आहे, उरलेल्या तुकड्यावर दुसरा टेक घ्यायचा का, आणि काकांनी सदरा फाडला ते फार छान होतं, ते कॅमेऱ्याकडे तोंड करून परत कराल का.

 बाईंनी स्वतःच्या शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. कापड नवं होतं, दुहेरी शिवलेलं. फाटेना. त्यांनी पुन्हा ओढलं, दात खाऊन, आणि मग त्या तशाच कॉलर धरून रडू लागल्या. पडद्यावर रडतात तसं नाही. नाक वाहत होतं.

लेकीने स्वतःच्या खिशातून कात्री काढली.

"शिवणीवर नको," ती म्हणाली. "शिवण उसवली तर परत घालता येते. इथे, कापडात. मी कड कापून देते, पुढचं तुम्ही."

"किती?"

लेकीने बापाकडे बघितलं. कारभारी धुराकडे बघत होते. तिथे दोन माणसं भिजलेलं काळं कातडं फावड्याने उचलत होती, आणि बादली कुठली घेऊ असं एकमेकांना विचारत होती.

"बादली नको," कारभारी म्हणाले. "थांबा, मी येतो." आणि दोन पावलं गेल्यावर, मागे न वळता, "चार बोटं. दोन वेळा."